क्रेनचा ब्रेक: स्प्रिंग आवळण्याआधी

दहा टनी ईओटी क्रेनखाली उभं राहून वर पाहिलं की पिवळे गर्डर दिसतात, दोर दिसतात, हुक दिसतो. पण उचललेला माल ज्याच्या भरवशावर हवेत थांबतो, तो ब्रेक खालून दिसत नाही. तो वर क्रॅबवर, म्हणजे गर्डरवरून धावणाऱ्या ट्रॉलीवर, मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसलेला असतो. 200 मिलिमीटर व्यासाचा ड्रम, त्याच्या दोन्ही बाजूंना लायनर लावलेले दोन शू, एक स्प्रिंग आणि एक थ्रस्टर, एवढाच त्याचा पसारा. शेडमधल्या यंत्रांत इतकं महत्त्वाचं आणि इतकं दुर्लक्षित असं दुसरं काही मला तरी ठाऊक नाही.

भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जा, नाहीतर कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जा, तक्रार त्याच शब्दांत ऐकू येते: "ब्रेक स्लिप मारतोय." त्यावरचा उपायही बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. शिडी चढून वर जायचं, स्प्रिंगचा नट दोन आटे आवळायचा आणि खाली यायचं. कधी कधी त्यानं काम भागतंही. पण बऱ्याचदा दुखणं स्प्रिंगमध्ये नसतंच, आणि आवळलेल्या स्प्रिंगमुळे ते आणखी खोल दडून बसतं.

आधी एक शंका मिटवू. एवढासा ड्रम दहा टन धरतो कसा? समजा, हुक मिनिटाला 6 मीटर वेगानं वरखाली होतो आणि दोराचे चार पदर आहेत. म्हणजे रोप ड्रमवर मिनिटाला 24 मीटर दोर गुंडाळला जातो, आणि 400 मिलिमीटर व्यासाच्या रोप ड्रमला त्यासाठी मिनिटाला साधारण 19 फेरे घ्यावे लागतात. मोटर मात्र 960 फेऱ्यांनी फिरते. मधला गिअरबॉक्स पन्नासास एक. त्यामुळे मालाचा जो पीळ रोप ड्रमवर येतो, त्याचा पन्नासावा भागच मोटरच्या शाफ्टपर्यंत पोचतो, आणि त्यातलाही काही भाग गिअर आणि बेअरिंगच्या घर्षणात जिरतो. दहा टन खाली ओढत असताना ब्रेकच्या शाफ्टवर येणारा टॉर्क सुमारे 83 न्यूटन-मीटर भरतो. तोच माल वर उचलायला मोटरला सुमारे 115 न्यूटन-मीटर लावावे लागतात, कारण तेव्हा घर्षण विरोधात असतं. हॉइस्टसाठी याच्या दीडपट ताकदीचा ब्रेक घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणजे 170 न्यूटन-मीटरच्या आसपास. लायनर आणि ड्रममधला घर्षणगुणांक 0.35 धरला, तर त्यासाठी प्रत्येक शूनं ड्रमवर सुमारे 250 किलोंचा दाब द्यावा लागतो. एक बरी स्प्रिंग आणि लिव्हर यांना हे सहज जमतं.

या मांडणीत एक जोखीम आहे, ती लक्षात ठेवावी. ब्रेक आणि माल यांच्या मध्ये गिअरबॉक्स, शाफ्ट, चाव्या आणि कपलिंग असतात. त्यातलं काही तुटलं तर ब्रेक धरूनही माल खाली येतो. म्हणूनच ब्रेक ड्रम मोटरच्या बाजूला न बसवता कपलिंगच्या गिअरबॉक्सकडच्या अर्ध्यावर बसवतात. मोटरचं कपलिंग तुटलं तरी ब्रेकची पकड गिअरबॉक्सवर राहते. दुरुस्तीनंतर कपलिंगचे अर्धे उलटे बसले तर ही सोय संपली, आणि बाहेरून कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता ब्रेक चालतो कसा ते पाहू. स्कूटरचा ब्रेक आपण दाबला की लागतो, सोडला की सुटतो. क्रेनच्या ब्रेकचं नेमकं उलटं आहे. तो कायम लागलेलाच असतो, स्प्रिंगनं तो लावून ठेवलेला असतो आणि वीज त्याला उघडते. वीज गेली, केबल तुटली, कुणी इमर्जन्सीचं बटण दाबलं, तरी परिणाम एकच: शू ड्रम आवळतात. उघडण्याचं काम थ्रस्टर करतो. थ्रस्टर म्हणजे तेल भरलेला बंद डबा. त्यात एक छोटी मोटर, तिच्या शाफ्टवर इंपेलर आणि एक पिस्टन. मोटर फिरली की इंपेलर तेल पिस्टनखाली ढकलतो, पिस्टनचा दांडा वर येतो, लिव्हर उचलली जाते, स्प्रिंग दबते आणि दोन्ही शू ड्रमपासून सुटतात. वीज गेली की तेल पुन्हा मागे वाहतं, दांडा खाली बसतो आणि स्प्रिंग आपलं काम करते.

या ब्रेकवर हात लावायच्या जागा मुख्यतः दोन. एक स्प्रिंगचा नट. त्यानं ब्रेकची ताकद ठरते. दुसरा टाय रॉडचा नट. दोन्ही बाजूंचे आर्म एकमेकांच्या किती जवळ यायचे, ते त्यानं ठरतं. लायनर झिजले की ती झीज भरून काढायची ती या टाय रॉडवर. पहिला नट कारखान्यात ब्रेक बसवताना एकदा नीट लावला की सहसा हात लावावा लागत नाही. दुसऱ्याला मात्र नियमित हात लागला पाहिजे. प्रत्यक्षात घडतं ते उलटं.

टाय रॉडला नियमित हात का लागला पाहिजे, ते आकड्यांतच दिसतं. थ्रस्टरचा पूर्ण स्ट्रोक 50 मिलिमीटर आहे आणि लिव्हरच्या गुणोत्तरामुळे दांडा 25 मिलिमीटर सरकला की दोन्ही शू मिळून 1 मिलिमीटर सरकतात, असं धरू. नव्या सेटिंगमध्ये ब्रेक उघडला की प्रत्येक शू 0.6 मिलिमीटर सुटतो. दोन्ही मिळून 1.2, म्हणजे दांड्याचे 30 मिलिमीटर. उरलेले 20 मिलिमीटर राखीव. ब्रेक लागलेला असताना दांडा तळाला टेकलेला नसतो, तळापासून 20 मिलिमीटर वरच थांबलेला असतो, कारण शू आधी ड्रमला भिडतात. लायनर झिजत गेले की शूंना ड्रमपर्यंत पोचायला जास्त सरकावं लागतं आणि दांडा दर वेळी थोडा अधिक खाली बसतो. ही राखीव जागा संपायला किती झीज पुरते? दोन्ही लायनर मिळून 0.8 मिलिमीटर. एकेक लायनर अवघा 0.4 मिलिमीटर.

त्यापुढे दांडा थ्रस्टरच्या तळाला टेकतो. स्प्रिंग तेवढाच जोर लावत असते, पण तो जोर आता शूंवर न जाता थ्रस्टरच्या बुडावर जातो. शू ड्रमला नुसते टेकलेले, दाब नाही. बाहेरून पाहणाऱ्याला स्प्रिंग घट्ट दिसते, लायनर जाड दिसतो, ब्रेक लागलेला दिसतो. अशा वेळी स्प्रिंग कितीही आवळली तरी वाढलेला जोर थ्रस्टरच्या बुडावरच जातो.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत एका जुन्या फिटरनं यावर काढलेला उपाय मी पाहिला आहे. ब्रेक नीट सेट करून झाला की तो थ्रस्टरच्या दांड्यावर, डब्याच्या तोंडाशी, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायचा. नंतर दर शनिवारी ब्रेक लागलेल्या स्थितीत रेघ किती आत गेली, ते स्टीलच्या पट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. हेल्पर एकदा म्हणाला, "मामा, लायनर तर नवाच दिसतोय की." त्यावर मामा म्हणाले, "लायनर काय बघतोस? दांडा बघ, किती बसलाय ते." त्यांनी टाय रॉडचा लॉकनट सैल केला, रॉड फिरवत दांडा पुन्हा रेघेपर्यंत वर आणला आणि लॉकनट मारला. स्प्रिंगला त्यांनी बोटही लावलं नाही.

रेघेपर्यंत आणल्यावर काम संपत नाही. दोन्ही शूंची गॅप सारखी पाहिजे. ब्रेक उघडलेला ठेवून फिलर गेजनं दोन्ही बाजू, वर आणि खाली, मोजाव्या लागतात. एकीकडे एक मिलिमीटर आणि दुसरीकडे शून्य असेल, तर शून्य गॅपचा शू दिवसभर ड्रमला घासत राहतो. आर्मच्या बुडाशी असलेल्या स्टॉप स्क्रूनं ही गॅप वाटून घेता येते. गॅप किती असावी, राखीव स्ट्रोक किती ठेवायचा, हे त्या ब्रेकच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका नसेल तर ती उत्पादकाकडून मागवा, अंदाजावर चालू नका. पिनांकडेही बघावं. लिव्हरच्या आणि आर्मच्या पिना, बुश झिजले की स्ट्रोकचा काही भाग त्या ढिलाईतच जातो आणि सेटिंग कितीही केलं तरी टिकत नाही.

गॅप वाढली म्हणजे फक्त सेटिंग बिघडलं, असं समजू नये. ब्रेक लागायला लागणारा वेळही तिच्याबरोबर वाढतो. जुन्या, कॉन्टॅक्टरवर चालणाऱ्या क्रेनवर मोटर आणि थ्रस्टर यांची वीज एकाच क्षणी जाते. शू ड्रमला भिडेपर्यंत माल मोकळाच असतो. आपल्या वरच्या उदाहरणात मोटरचा रोटर, कपलिंग आणि ब्रेक ड्रम यांचं मिळून जडत्व 0.3 किलोग्रॅम-मीटर वर्ग धरलं, तर 83 न्यूटन-मीटरच्या ओढीनं सेकंदाच्या प्रत्येक दहाव्या भागात मोटरचे मिनिटाचे फेरे सुमारे 260 नी वाढतात. 960 चे 1220 होतात. ब्रेकला जिरवावी लागणारी फिरत्या भागांची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती दीडपटीहून जास्त होते. उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाचाच असतो. हे सगळं माल उतरताना घडतं, म्हणून हॉइस्टचा ब्रेक माल उतरवतानाच तपासावा. माल वर जाताना वीज काढली तर गुरुत्वाकर्षणच त्याला थांबवायला मदत करतं, आणि कमजोर ब्रेकही उत्तम असल्यासारखा वाटतो.

स्प्रिंग जास्त आवळण्याचे तोटे वेगळे. थ्रस्टरची उचलण्याची ताकद ठरावीक असते. स्प्रिंग तिच्यापेक्षा जड झाली की दांडा पूर्ण वर येत नाही, शू अर्धवट सुटतात आणि मोटर ब्रेकला घासतच फिरते. ड्रम तापतो, लायनरला काचेसारखी चमक येते आणि घर्षणगुणांक खाली येतो. ताकद वाढवायला आवळलेली स्प्रिंग अशा रीतीनं ब्रेकची ताकद कमी करते. थ्रस्टरच्या मोटरची एक फेज गेली तरी हेच होतं, आणि जळक्या लायनरचा वास शेडभर पसरतो. तो वास आला की क्रेन तिथंच थांबवली पाहिजे. शिफ्ट संपेपर्यंत थांबण्याची ती वेळ नसते.

जुन्या क्रेनवर थ्रस्टरऐवजी सोलेनॉइडचे ब्रेक अजून दिसतात. तिथं झीज भरून काढली नाही तर वेगळा प्रकार घडतो. एसी सोलेनॉइडचा गाभा पूर्ण ओढला गेला नाही, तर कॉइलमधला करंट जास्तच राहतो आणि कॉइल जळते. डीसीमध्ये कॉइल जळत नाही, पण गॅप वाढली की ओढ झपाट्यानं कमी होते आणि ब्रेक उघडतच नाही. कॉइल पुन्हा पुन्हा जळत असेल, तर नवी कॉइल भरण्याआधी लायनर आणि गॅप मोजा.

लाँग ट्रॅव्हल आणि क्रॉस ट्रॅव्हलच्या ब्रेकला हॉइस्टसारखं घट्ट करणं ही आणखी एक सर्रास चूक. क्रेन मिनिटाला 40 मीटर वेगानं जात असताना झटक्यात थांबली, तर 9 मीटर दोरावर लोंबकळणारा माल दोन्ही बाजूंना सुमारे 64 सेंटिमीटर झोके खातो, आणि एका पूर्ण झोक्याला सहा सेकंद घेतो. खाली उभा असलेला माणूस त्याच्या वाटेत येतो. अमेरिकेच्या नियमात प्रवासाच्या ब्रेकसाठी थांबण्याचं अंतर दिलं आहे, ते मिनिटाच्या पूर्ण वेगाच्या दहा टक्के. म्हणजे या क्रेनला पूर्ण भारासह 4 मीटरच्या आत थांबायचं आहे. याचा अर्थ तिनं अर्ध्या मीटरमध्ये थांबावं असा होत नाही.

ब्रेकचा सगळ्यात मोठा शत्रू तेल. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं ऑइल सील गळायला लागलं की ते तेल थेट ड्रमवर उडतं. तेल प्यायलेला लायनर रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुऊन पुन्हा लावणं ही जीवघेणी काटकसर आहे. वरून कोरडा दिसला तरी ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं. लायनर बदला, आणि त्याआधी सील बदला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यांची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. रिबीट ड्रमला लागण्याआधीच लायनर बदलायचा. रिबीट लागली की ड्रमवर खाचा पडतात आणि मग ड्रमही खर्चात येतो. ड्रमवर उष्णतेनं आलेल्या बारीक भेगा, डायल गेजवर दिसणारा रनआउट, फाउंड्रीत साचणारी वाळूची आणि ग्रॅफाइटची धूळ, समुद्रकाठच्या यार्डांमध्ये पावसाळ्यात गंजून जाम झालेल्या पिना, या सगळ्यांवर डोळा ठेवावा लागतो.

मोटरचा वेग नियंत्रित करणारे व्हीएफडी ड्राइव्ह आल्यापासून ब्रेकचं आयुष्य सोपं झालं, हे खरं. ड्राइव्ह मोटरला शून्य वेगावर आणतो आणि मग ब्रेक लागतो, त्यामुळे लायनर फारसा झिजत नाही. पण याच सोयीमुळे ब्रेकची परीक्षा होणं बंद झालं आहे. महिनोन्महिने तो थांबलेल्या ड्रमवरच लागत असतो. ज्या दिवशी वीज जाईल किंवा इमर्जन्सी दाबली जाईल, त्या दिवशी त्याला भर वेगातला माल एकट्यानं थांबवावा लागतो. व्हीएफडीच्या क्रेनवर ब्रेक वेळोवेळी मुद्दाम तपासणं म्हणूनच जास्त गरजेचं आहे.

विजेची आखणी आणि ब्रेक एकत्र चुकले की काय होतं, ते 18 एप्रिल 2007 रोजी चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या तिएलिंग इथं दिसलं. छिंगहे स्पेशल स्टील कंपनीत सुमारे 30 टन वितळलेलं पोलाद भरलेलं लॅडल क्रेन खाली उतरवत होती. कंट्रोल सर्किटमधला इंटरलॉकचा एक संपर्क गंजून तुटला आणि मोटरची वीज गेली. विजेच्या आखणीतच दोष असल्यामुळे ब्रेक आपोआप लागला नाही, आणि ब्रेकचा टॉर्क इतका कमी होता की तो लॅडलला रोखू शकला नाही. लॅडल ओतकामाच्या ट्रॉलीवर आदळून उलटलं. शेजारच्या खोलीत शिफ्टआधीची बैठक चालू होती. 32 कामगार गेले, 6 जखमी झाले. वितळलेला धातू नेणाऱ्या हॉइस्टला दोन ब्रेक देण्याची पद्धत अशाच प्रसंगांसाठी आहे. पण दोन ब्रेक असले की आणखी एक काळजी घ्यावी लागते. एक नीट धरत असेल तर दुसऱ्याचं निकामी होणं लपून जातं, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासले पाहिजेत.

ब्रेकला हात लावण्याआधी माल खाली ठेवलेलाच असला पाहिजे. हुक ब्लॉकसुद्धा जमिनीवर किंवा स्टँडवर टेकवा, कारण हॉइस्टचा ब्रेक सैल केला की रिकामा ब्लॉकही दोर ओढत खाली येतो. दोर मात्र ढिला पडून रोप ड्रमच्या खाचांतून सुटू देऊ नका. मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा, चावी ज्यानं काम करायचं त्याच्याच खिशात ठेवा. काम झाल्यावर आधी रिकाम्या हुकनं चालवून बघा. मग पूर्ण भार चार बोटं उचलून थांबवा, कपलिंगवर खडूची खूण करा आणि ती हलते का ते पाहा. हललीच नाही, तरच तो भार थोडा उतरवून थांबवून बघा. पूर्ण क्षमतेच्या जवळचा माल उचलताना ऑपरेटरनं दर वेळी काही इंच उचलून ब्रेक तपासावा, असं अमेरिकेच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडेही चांगला ऑपरेटर हे न सांगता करतो.

आपल्या देशात 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 29 नं क्रेनसारख्या उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून किमान 12 महिन्यांतून एकदा पूर्ण तपासणी करून घेण्याचा दंडक घालून दिला. वर्षाची ही तपासणी आवश्यक आहे, पण ब्रेकसाठी ती पुरेशी नाही. 0.4 मिलिमीटरची झीज वर्षभर थांबत नाही, भरपूर चालणाऱ्या क्रेनवर ती काही आठवड्यांतच होते. कारखानदारांना आणि मेंटेनन्सच्या प्रमुखांना म्हणूनच एक विनंती आहे. प्रत्येक क्रेनच्या नोंदवहीत तीन आकडे आठवड्याला लिहून घ्या: ब्रेक लागलेला असताना दांड्याची उंची, दोन्ही शूंची गॅप आणि स्प्रिंगची लांबी. त्यासाठी क्रेन अर्धा तास थांबवावी लागेल. तेवढा अर्धा तास तुमच्या फिटरला द्या.